वरचा घड

पेन कॅप्टन सोमणांचं होतं, आणि त्यांनी ते टोपण काढूनच माझ्यापुढे ठेवलं होतं.

"शेवटच्या पानावर तुझी सही, त्याखाली जामीनदार म्हणून वडिलांची," ते म्हणाले. "बाकीच्या पानांवर नुसती आद्याक्षरं टाक. वाचलंयस ना सगळं?"

"दोनदा वाचलंय, सर."

"मग झालं तर. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं पगाराचं पान तेवढं वाचतात."

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. द्राक्षाच्या हंगामात ते खुर्चीत कधीच टेकत नाहीत. टेकलं की डोळा लागतो आणि डोळा लागला की माल सडतो, असं त्यांचं शास्त्र आहे. त्यांनी करारावरून नजर फिरवली आणि ती खिडकीबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या विमानावर नेऊन ठेवली. त्या विमानात त्या दिवशी आमच्याच गावची द्राक्षं भरत होते.

ओझरच्या विमानतळाला लागून असलेलं ते ऑफिस 'सप्तसिंधू एअर कार्गो' नावाच्या कंपनीचं. कंपनीकडे दोन पंख्यांची मालवाहू विमानं होती आणि आमच्या सुकेण्याच्या शेतकरी गटाची द्राक्षं ती गुवाहाटीला पोचवत. अण्णा गटाचे अध्यक्ष. एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की आमची मुलगी पायलट आहे, पण घरीच आहे. आणि कंपनीचे इथले मुख्य पायलट सोमण म्हणाले, पाठवा की तिला.

'पण घरीच आहे' हे शब्द मी त्या काळात इतक्यांदा ऐकले होते की एखाद्या लग्नात कुणी ते बोलायच्या आधी मीच बोलून टाकायची. लायसन्स हातात, नोकरी नाही. मोठ्या कंपन्या म्हणायच्या, अनुभव आणा. अनुभव काय पिंपळगावच्या मार्केटमध्ये क्रेटनं मिळतो? विमान उडवायला मिळालं नाही की हात बोथट होतो, लायसन्सची मुदत सरत जाते आणि वयाची तर सरतेच. मावशीनं दोन स्थळंही आणून ठेवली होती. त्यातल्या एकाला पायलट बायको चालणार होती, फक्त तिनं विमान चालवू नये एवढीच अट होती.

आणि मग नोकऱ्या आल्या त्या जोडीनं आल्या. सप्तसिंधूवाले परदेशात नेऊन या विमानाचं खास प्रशिक्षण देणार होते. परत आलं की लगेच को-पायलटच्या खुर्चीत. बदल्यात पाच वर्षांचा बॉण्ड, शाळेपासूनचे मूळ दाखले कंपनीच्या कपाटात, आणि मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाचा सगळा खर्च व्याजासकट आमच्याकडून. तो आकडा वाचून अण्णांनी चष्मा काढून पुसला होता आणि पुन्हा वाचला होता.

दुसरी नोकरी जळगावच्या 'तापीतीर एव्हिएशन'ची. मालक कॅप्टन महाजन स्वतःच विमान उडवायचे. तीन छोटी विमानं, तिन्ही वयानं माझ्यापेक्षा मोठी. त्यांचं म्हणणं एका पानात मावलं होतं: आधी जमिनीवर, माल चढवायच्या कामात राहा, जागा झाली की विमानात घेऊ आणि आम्हीच शिकवू, शिकल्यावर दोन वर्षं थांबा. जागा कधी होईल, त्याबद्दल अवाक्षर नाही. पगार ऐकून मावशी म्हणाली, "एवढं तर आमच्या पेट्रोल पंपावर देतात, वर दिवाळीला मिठाई."

घरात सगळ्यांचं एकमत झालं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही. माझंही मत तेच होतं. मला उडायचं होतं, आणि लवकरात लवकर उडायचं होतं. पाच वर्षं कुठं बांधून घ्यायचं याचं मला फारसं भय नव्हतं. लोक त्याहून जास्त वर्षांसाठी, त्याहून कमी माहितीवर लग्नं करतात.

एकच कलम मला नीट कळलं नव्हतं.

"सर, हे चौदावं," मी म्हणाले. "'सबळ कारणाशिवाय उड्डाणास नकार देणे हा करारभंग समजला जाईल.' सबळ कारण कोण ठरवतं?"

"कंपनी ठरवते." सोमण हसले. "ताप आला तर सबळ. मैत्रिणीची हळद असली तर नाही."

अण्णाही हसले. मीही हसले. सोमण मला आवडले होते, हे सांगायलाच हवं. हवाई दलातून निवृत्त झालेला पुणेरी माणूस, केस पांढरेशुभ्र, बोलण्यात हुकूम आणि चेष्टा अर्धी अर्धी. मुलाखतीत त्यांनी मला तासभर पिळून काढलं होतं आणि शेवटी म्हणाले होते, "ठीक आहे, तुला शिकवता येईल." अशी कौतुकाची पावती मला तीन वर्षांत कुणी दिली नव्हती.

मी पेन उचललं. तेवढ्यात अण्णा खाकरले.

"साहेब, एक म्हनू का? आमी व्यापारी मान्सं. माल बघितल्याबिगर सौदा करत न्हाई. पोरगी कशात काम करनार, ते एकदा जवळून बघू द्या. मग सही काय, अंगठाबी देतो."

"या की," सोमण उठलेच. "आज मीच घेऊन चाललोय ते विमान. आणि माल तर तुमचाच आहे, बोरस्ते."

बाहेर मार्चचं ऊन मी म्हणत होतं. सिमेंटवरून वाफा निघाव्यात तशी हवा हलत होती. विमानाच्या मागच्या दाराला सरकता पट्टा लावलेला आणि त्यावरून द्राक्षांच्या पेट्या एकामागून एक आत चाललेल्या. दाराशी एक तरुण को-पायलट हातातल्या पॅडवर मोजदाद करत उभा होता. सोमणांनी ओळख करून दिली. त्याचं नाव कुलथे, संगमनेरचा, वर्षभरापूर्वी इथे लागलेला. मला त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्यांचा मनापासून हेवा वाटला.

सोमण अण्णांना विमानाची चाकं दाखवायला घेऊन गेले. मी कुलथेपाशी थांबले. पुढे हेच काम मला करायचं होतं, म्हणून विचारायला लागले.

"वजन कुठे करता तुम्ही?"

"नेहमीच्या पार्टीचा माल पुन्हा तोलत नाही," तो म्हणाला. "पेटीवर दहा किलो लिहिलंय, तेच धरायचं. खोक्याचं वजन वेगळं मिळवतो. गुणाकार केला की झालं."

"आणि तो काटा?"

शेडच्या सावलीत लोखंडी वजनकाटा होता. त्यावर हमालांचे जेवणाचे डबे मांडलेले होते.

"चालू आहे तो. पण त्यावर तोलत बसलं तर अर्धा दिवस जातो. ऑफिसला ते आवडत नाही."

"आज जागा किती शिल्लक आहे? वजनात?"

"आज काहीच नाही." त्याने पॅड माझ्याकडे वळवलं. "गरम हवेत विमान तेवढं उचलत नाही, म्हणून मर्यादा मुळात खाली आणलेली. त्या मर्यादेला आपण बरोब्बर टेकलोय. एक पेटीसुद्धा जास्त नाही."

मी पट्ट्यावरच्या पेट्यांकडे पाहिलं. प्रत्येकीवर गटाचा छाप, शेतकऱ्याचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'निव्वळ वजन १० किलो'.

आता इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. पेटीवर दहा लिहिलं म्हणजे पेटी भरताना दहा, असा अर्थ आमच्याकडे कुणी घेत नाही. पेटी गिऱ्हाइकाच्या हातात पडेल तेव्हा ती दहा भरली पाहिजे. द्राक्षं वाटेत सुकतात, वजनाला घट येते, म्हणून भरतानाच तेवढी जास्त घालायची. आणि ते झाल्यावर, झाकण लावायच्या आधी, एक घड वर. त्याला काही हिशेब नाही, ती रीत. बरोबरीत थांबलेला काटा अण्णांना कंजूषपणाचं लक्षण वाटतो. माप कसं, झुकतं पाहिजे. त्यांच्या वडिलांचंही तेच, आणि त्यांचं बघून सगळ्या गटाचं. 'बोरस्त्यांच्या पेटीत कधी कमी निघत नाही' ही आमच्या घराण्याला मिळालेली एकमेव पदवी. तो वरचा घड मी स्वतः लहानपणापासून हजारो पेट्यांत घातलेला होता. ट्रकनं माल जायचा तोवर त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. तो बरोबर वाटेना म्हणून पुन्हा केला. दोन्ही वेळा उत्तर तेच.

बोलावं की नाही, असा प्रश्न मला पडला नाही असं मी म्हणणार नाही. पडला. ऑफिसात टेबलावर करार वाट बघत होता. उड्डाण लांबलं तर उन्हात माल वाफलणार होता, गटाचं नाव जाणार होतं, आणि नोकरी लागायच्या आधीच कटकटी म्हणून माझं नाव होणार होतं. पण समोर सोमण त्या विमानाच्या पोटाखाली वाकून अण्णांना काहीतरी समजावत होते, आणि थोड्या वेळानं ते आणि कुलथे त्यातच बसणार होते.

"सर," मी हाक मारली, "या पेट्या तोलायला हव्यात."

सोमण वाकलेले सरळ झाले. "का? तुमच्याच तर आहेत."

"म्हणूनच."

"म्हणजे?"

"पेटीवरचं वजन खरं नाहीये, सर. अण्णांचं वजन खोटं आहे."

पट्टा चालूच होता, पण हमालांचे हात थांबले. ट्रकचे ड्रायव्हर बिडी ओढत बसले होते, तेही उठून उभे राहिले. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. त्यांचा चेहरा असा झालेला मी आजवर एकदाच पाहिलाय, आणि तो त्या दिवशी.

"योगी," ते हळू आवाजात म्हणाले, "तोंड सांभाळून बोल. तुझ्या आज्यापास्नं बोरस्त्याच्या काट्याकडं कुनी बोट दाखवलं न्हाई."

"कमी आहे असं मी कुठं म्हणतेय, अण्णा? जास्त आहे."

सोमण मोठ्यानं हसले. "जास्त? अगं, जास्त कोण देतं?"

"आमी देतो!" अण्णा उसळले. "का? घटीचं येगळं आन् वरचा घड येगळा. आसामातला मानूस पेटी उघडून तोलतो तवा काटा झुकला पायजे. पदरचं घालतो. तुमाला काय तोशीस लागली त्यात?"

सोमणांचं हसू तिथल्या तिथे विरलं. ते विमानाकडे बघायला लागले, मग पट्ट्याकडे, मग पुन्हा विमानाकडे.

"प्रत्येक पेटीत?" त्यांनी विचारलं.

"परतेक."

"सगळेच शेतकरी?"

"आमच्या गटात हात आखडून भरनारा एकबी न्हाई," अण्णा अभिमानानं म्हणाले. आपण काय बोलतोय ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं. सोमणांना मात्र पुरतं कळलं होतं.

"पट्टा बंद करा," ते म्हणाले. "आणि ते डबे उचला तिथून."

वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या पेट्या काट्यावर चढल्या. खोक्याचं वजन वजा करून कुलथे आकडे सांगत गेला आणि एकही पेटी दहावर थांबली नाही. सगळ्यांत जड निघाली ती अण्णांची. ती काट्यावर असताना अण्णांनी जरा मान ताठ केली होती, पण आजूबाजूला कुणीच कौतुकानं बघत नाही म्हटल्यावर ती हळूच खाली आली.

कुलथेनं पॅडवर गुणाकार केला आणि तो आकडा मोठ्यानं सांगायच्या ऐवजी सोमणांना दाखवला. पाच-सहा धट्टीकट्टी माणसं तिकिटाशिवाय विमानात चढून बसावीत, एवढं वजन होतं ते. आणि हे एकाच दिवसाचं नव्हतं. हंगाम सुरू झाल्यापासून प्रत्येक फेरीत ती माणसं चोरून बसून जात होती.

"धावपट्टी लांब आहे म्हणून निभावलं," सोमण स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "एक इंजिन गेलं असतं ना, तर..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "पेट्या उतरवा."

"माझ्या उतरवा," अण्णा म्हणाले. आता त्यांनाही उमगलं होतं आणि त्यांचा आवाज पार बसला होता. "दुसऱ्याच्या कुनाच्या नको. माझ्या उतरवा, साहेब."

पेट्या उतरायला लागल्या. अण्णा स्वतः हमालांबरोबर त्या सावलीत नेऊन रचत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मी शेडच्या नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. तिथे कुलथे बाटली भरत होता.

"मॅडम, थँक यू," तो म्हणाला.

"तुम्हाला काही जाणवलं नव्हतं?"

"जाणवायचं की. विमान जमीन सोडायला उशीर करायचं. धावपट्टीचं टोक जवळ आलं की मी श्वास धरून बसायचो."

"मग बोलला का नाहीत? सोमण सर ऐकणारे आहेत. आत्ता ऐकलंच की त्यांनी."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"एकदा बोललो होतो. दुसऱ्या विमानावर, दुसऱ्या कॅप्टनपुढे. टायर बघून म्हटलं, मी येत नाही. तेव्हा विमान थांबलं, टायर बदलला, सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मुख्य ऑफिसातून फोन. फार गोड बोलले हो. फक्त म्हणाले, कलम चौदा आहे, विसरू नका. माझ्या आईनं जामीन दिलाय. शिक्षिका आहे ती, राहतं घर लिहून दिलंय. अजून चार वर्षं काढायचीत मला."

तो निघाला, दोन पावलं गेला आणि वळला.

"तुम्ही आज बोलू शकलात ना मॅडम, ते तुमची सही व्हायची आहे म्हणून."

तो आकसानं नाही बोलला. एखाद्यानं वाटेत खड्डा आहे असं सांगावं, तसं सांगून तो कामाला निघून गेला. पण मी तिथे नळाशीच उभी राहिले. इतके दिवस मी दोन पारडी घेऊन बसले होते. एकात पगार, दुसऱ्यात वर्षं. एकात खुर्ची, दुसऱ्यात व्याज. सगळ्या गोष्टी तोलल्या होत्या मी. सही केल्यावर माझ्या तोंडातून 'नाही' निघेल की नाही, ही एकच गोष्ट कुठल्याच पारड्यात घातली नव्हती.

सोमण करार हातात घेऊनच आले. शर्ट घामानं भिजलेला, पण चेहऱ्यावर मघापेक्षा जास्त आपुलकी.

"हा तुमच्या पिकअपच्या बॉनेटवर ठेवून सही कर आणि जा घरी," ते म्हणाले. "मी मुंबईला कळवतो, अशी मुलगी हातची सोडायची नाही म्हणून. वर्षभरात तुला मी तयार करतो बघ."

"सर, एक विचारू? आज मी तुमची को-पायलट असते आणि पेट्या तोलल्याशिवाय विमानात बसत नाही म्हटलं असतं, तर?"

"तर मी तुझ्यावर ओरडलो असतो," ते लगेच म्हणाले. "आणि मग तोलल्या असत्या."

"आणि मुंबईनं?"

त्यांनी हातातला करार उगाच चाळला. खोटं बोलणारे नव्हतेच ते.

"चौदाव्या कलमाखाली एक ओळ घाला, सर. सुरक्षेसाठी दिलेला नकार हा करारभंग नाही, एवढीच. मी आत्ता, इथे सही करते. पाचाच्या जागी सहा वर्षं लिहा हवं तर."

"मुंबईचे वकील एक स्वल्पविराम हलवू देत नाहीत, योगिता."

"विचारून तरी बघाल?"

त्यांनी विचारलं. बाजूला जाऊन फोन केला, दोनदा आवाज चढवला, आणि परत आले तेव्हा मान हलवतच आले. "नाही म्हणतात. एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल." मग म्हणाले, "पण मी आहे ना इथे. मी असेपर्यंत तुझ्यावर कुणी ते कलम लावणार नाही. शब्द देतो."

"तुम्ही कधीपर्यंत आहात, सर?"

"पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतोय."

आम्ही दोघंही हसलो. दुसरं काय करणार? मी करार त्यांच्या हातात परत दिला.

"मूर्खपणा करतेयस," ते म्हणाले. "मोठ्या कंपन्यांची वाट इथूनच जाते. मुलाखतीत सांगितलंस त्या जळगावच्या खटाऱ्यांवर तुला कुणी विचारणार नाही. आणि एकदा तू इथून बाहेर पडलीस की ही जागा संध्याकाळपर्यंत भरलेली असेल."

"ठाऊक आहे, सर."

"रडशील."

"रडेन थोडी."

त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात चांगला जोरात दाबला. विमानाच्या शिडीवर चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आणि रडले मी. पुढचं वर्ष-दीड वर्ष विमानात पाय ठेवला तो फक्त माल बघायला. माझ्या वर्गातली मुलं भराभरा पुढे गेली, त्यांचे टोप्या घातलेले फोटो बघून मी फोन उलटा करून ठेवायची. सोमण म्हणाले त्यातलं काहीच खोटं नव्हतं. आज माझ्या खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या आहेत म्हणून तो निर्णय सोपा होता असं कुणी समजू नये. तो सोपा नव्हता, फक्त दुसरा करता येण्यासारखा नव्हता.

परतीच्या वाटेवर अण्णांची पिकअप उतरवलेल्या पेट्यांनी भरलेली होती. ओझर मागे पडल्यावर मीच तोंड उघडलं.

"रागावलात, अण्णा?"

"राग कशाचा?" त्यांनी गिअर बदलला. "बारा लोकांत बापाचं माप खोटं म्हनलीस."

"मला दुसरा शब्द सुचला नाही."

"जड म्हनायचं. जड ह्यो काय अवघड शब्द हाये? खोटं कशाला म्हनायचं?"

"चुकलं."

"चुकलंच." थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "पन तसं म्हनली नसतीस तर तो साहेब हसन्यावारी नेता. जड म्हनलं की लोक कवतिक करत्यात."

"वरचा घड बंद करणार आता?"

"घड का बंद करू? घड चालूच ऱ्हानार. विमानाला खरं वजन सांगू. गिऱ्हाइकाला दहाच." मग त्यांनी माझ्याकडे एक तिरपी नजर टाकली. "एका दिवसात बापालाबी पाडलंस आन् कंपनीलाबी न्हाई म्हनलीस. एखादीनं एक तरी उद्यावर ढकललं असतं."

मला हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडूही. अण्णांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कुणाला रडायचं असेल तर ते गाडी चालू ठेवत नाहीत, डिझेल जातं म्हणून.

डोळे पुसून मी जळगावला फोन लावला. बऱ्याच वेळानं कॅप्टन महाजनांनी उचलला. मागे कुठलंतरी इंजिन खडखडत होतं, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते.

"बोला!"

"सर, योगिता बोरस्ते बोलतेय, सुकेण्याहून. तुमचं पत्र आलं होतं."

"हां, हां. पन आधीच सांगतो, विमानात जागा नाय. कधी होईल तेबी सांगता येत नाय. पगार लिहिलाय तेवढाच."

"त्याचं मी नाही विचारत. मला एकच गोष्ट हवीय. तुमच्याकडे को-पायलट ऐन वेळी म्हणाला, मला हे बरोबर वाटत नाही, मी येत नाही, तर काय होतं?"

पलीकडे इंजिनाचा आवाज बंद झाला. त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नव्हता की काय कोण जाणे. मी तो पुन्हा विचारला.

"काय होतं म्हंजे?" महाजन म्हणाले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की यात विचारण्यासारखं काय आहे. "विमान उभं ऱ्हातं. आनखी काय व्हनार?"

"परवा सकाळी येते, सर," मी म्हणाले.